रिकाम्या डब्यातून भेटीचा डबा



एका वर्षी नाताळच्या भेटींसाठी हाताने सजवलेले डबे हवेत, असा एका मंडळीकडून निरोप आला. नोव्हेंबर संपत आला होता. रंग, कागद, सुतळी घेऊन आम्ही शहापूर तालुक्यातील एका कातकरी वाडीवर गेलो, तर निम्म्या घरांच्या दारांना कड्या. ज्या बायांना सप्टेंबरमध्ये हे काम शिकवले होते, त्या मुलाबाळांसह भिवंडीकडे वीटभट्टीवर गेल्या होत्या. शेवटी शहरातल्याच काही भगिनींनी रात्री जागून डबे पुरे केले. डबे छान झाले, भेटीही वेळेवर पोहोचल्या. पण ज्यांच्यासाठी हे काम काढले होते, त्यांच्या हाती एक रुपयाही पडला नाही.

चूक आमची होती. डबा कसा करायचा हे आम्ही पाड्यावर शिकवले. पण तो कधी मागवायचा आणि त्याचे काय द्यायचे, हे आपण मागवणाऱ्यांनी शिकायला हवे होते. या अंकात या तिन्ही गोष्टी सविस्तर सांगत आहोत.

दिवाळीनंतर वाडी रिकामी का होते?

मुंबईकरांच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग तानसा आणि भातसा या शहापूर तालुक्यातील धरणांतून येतो. त्याच तालुक्यात आणि शेजारच्या मुरबाडमध्ये कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली अशा आदिवासी समाजांच्या वाड्या-पाडे आहेत. यांपैकी कातकऱ्यांची स्थिती सर्वांत नाजूक. खैराच्या झाडापासून काथ करणारे ते काथकरी, कातकरी. जंगलावर निर्बंध आले तसा तो धंदा गेला, आणि बहुतेकांच्या नावावर जमीन कधी नव्हतीच. महाराष्ट्रात कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी या तीन जमातींना शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गट मानले आहे.

वर्षाचे चक्र असे फिरते. पावसाळ्यात भातलावणीची मजुरी मिळते, पण ती थोडे दिवस. श्रावण-भाद्रपदात घरातले धान्य संपते, तापाची साथ येते, दवाखान्याचा खर्च निघतो. तेव्हा वीटभट्टीचा मालक किंवा मुकादम उचल देतो. ती घेतली की दिवाळीनंतर सारे कुटुंब भट्टीवर जाते आणि पुढचा पाऊस तोंडावर येईपर्यंत उचल फेडत राहते. मुलांची शाळा मध्येच सुटते. वेठबिगार पद्धतीचे निर्मूलन करणारा कायदा १९७६ साली झाला. तरी उचलीच्या हिशेबात अडकलेली कुटुंबे आजही दिसतात.

आता या चक्राशेजारी आपले सणांचे चक्र ठेवून पाहा. गणपती, दसरा, दिवाळी, नाताळ. भेटी देण्याघेण्याचा मोसम नेमका पाड्यावरच्या अडचणीच्या महिन्यांत सुरू होतो. म्हणून हे काम निवडले.

वेष्टनच का?

वेष्टनाची गरज तर आहेच. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्राने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून देशभर जी एकदाच वापरायची प्लास्टिकची सामग्री बंद झाली, त्यात मिठाईच्या खोक्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळायचे पातळ प्लास्टिक आहे, तसेच सजावटीचे थर्माकोलही आहे. चमचमणारा भेटकागद दुकानात मिळतो, पण त्यातला पुष्कळसा खरा कागद नसतो. मुठीत चुरगाळून सोडून पाहा. तो पुन्हा उलगडू लागला तर त्यात प्लास्टिक आहे, आणि रद्दीवालाही तो घेत नाही.

दुसरे कारण पाड्यावरचे. वस्तू बांधून देण्याची कला तिथे जुनीच आहे. पळसाच्या पानांचे द्रोण आणि पत्रावळी, बांबूच्या टोपल्या, दुरड्या आणि सुपे, धान्य साठवायची कणगी हे सारे त्या हातांना ठाऊक आहे. बांबूबाबत कायदाही थोडा सैल झाला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले, आणि २०१७ साली वन कायद्यात बदल होऊन जंगलाबाहेर वाढलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला.

कच्चा माल मात्र आपल्या घरात पडून असतो. पाच हजारांना जेवू घातल्यानंतर उरलेले तुकडे बारा टोपल्या भरून गोळा करायला प्रभूने शिष्यांना सांगितले होते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आपल्या माळ्यावरचे तुकडे कोणते, ते पाहू.

काय पाठवावे, काय पाठवू नये

चांगले उपयोगी पडतात:

- बिस्किटांचे व चहापत्तीचे पत्र्याचे डबे, झाकणासह
- जॅम, मध, कॉफी यांच्या काचेच्या बरण्या
- बुटांची, साड्यांची आणि मिठाईची जाड पुठ्ठ्याची खोकी
- एका बाजूने कोरे जाड कागद, जुन्या लग्नपत्रिका
- सुती साड्या, ओढण्या, पडदे. धुतलेले आणि न विरलेले
- सुतळी, लेस, शर्टांची बटणे

पाठवू नये ते असे: कीटकनाशक, रंग, टर्पेंटाइन किंवा इंजिन ऑइलचे डबे, कारण कितीही धुतले तरी ते खाण्याच्या वस्तूजवळ ठेवण्याजोगे होत नाहीत. औषधांच्या बाटल्या. तडा गेलेली काच. बरणीच्या काठावरून हलकेच बोट फिरवले की टवका कळतो. झाकण हरवलेले डबे. आणि कोणत्याही धर्माचे पवित्र चित्र छापलेल्या पत्रिका; ते चित्र कापून टाकणे कोणालाच बरे वाटत नाही.

एकदा आमच्याकडे मोठी गोणी आली. उघडली तर निम्म्या बरण्यांत लोणच्याचा खार तसाच, आणि खोक्यांना वाळवी लागलेली. ती निवडण्यात दोन बायांचा अख्खा दिवस गेला. त्या दिवसाची मजुरी कोणत्याच डब्याच्या किमतीत बसत नव्हती. म्हणून विनंती अशी, की वस्तू धुऊन, उन्हात वाळवून, झाकण लावून पाठवावी. शहापूरसाठीचा माल कसाऱ्याच्या लोकलने आसनगावपर्यंत येतो. मुरबाडला रेल्वे नाही, तिथे कल्याणहून रस्त्यानेच न्यावा लागतो. उगाच वाहून नेलेल्या प्रत्येक निरुपयोगी डब्याचे भाडे पडते.

डबा कसा तयार होतो

*काचेची बरणी.* कोमट पाण्यात अर्धा तास बुडवली की कागदी लेबल सुटते. मागे राहिलेला चिकटा गोंद पाण्याने जात नाही. खाण्याचा सोडा आणि गोडे तेल सारखे घेऊन त्याचा लेप दहा मिनिटे ठेवावा, मग नारळाच्या काथ्याने घासून साबणाने धुवावे. काचेला वास धरत नाही, झाकणाच्या आतल्या रबराला धरतो. लोणच्याचा वास जात नसेल तर त्या बरणीत खाऊ न भरता मेणबत्ती किंवा बटणे भरावी. झाकणावर सुती कापडाचा गोल घालतात. तो झाकणापेक्षा सगळीकडून चार बोटे मोठा कापावा, कडा आत दुमडाव्या आणि गळ्याशी सुतळीचे दोन वेढे देऊन गाठ मारावी.

*पत्र्याचा डबा.* छापील चित्रावर थेट रंग दिला तर तो पापड्यासारखा सुटतो. आधी पॉलिश पेपरने घासून चमक घालवावी, गंज असेल तो काढावा, कोरड्या फडक्याने पुसावे. मग बाहेरून रेड ऑक्साइडचा एक हात द्यावा. लोखंडी गजांना गंज लागू नये म्हणून गवंडी लावतात तोच हा विटकरी रंग. तो गंज रोखतो आणि गेरूने सारवलेल्या भिंतीसारखा दिसतोही, त्यामुळे वेगळा रंग विकत घ्यावा लागत नाही. हे काम अंगणात करावे, चुलीपासून आणि लहान मुलांपासून दूर. पूर्ण एक दिवस वाळू द्यावे. वास जायला आणखी काही दिवस लागतात. डब्याच्या आत रंग लावू नये.

*पुठ्ठ्याचे खोके.* खाकी कागद किंवा कापड चिकटवून ते नवे होते. इथे सर्वांत जास्त होणारी चूक झाकणाची. खालच्या भागाला काठापर्यंत कागद लावला की त्याची जाडी वाढते आणि झाकण बसत नाही, किंवा बसले तर निघत नाही. म्हणून झाकणाखाली जाणारी वरची दोन बोटे कड उघडी सोडावी. कोपऱ्यांवर कागद कापून एकावर एक घ्यावा, म्हणजे फुगीर गाठ येत नाही. मैद्याची खळ स्वस्त पडते, पण दमट हवेत तिला बुरशी येते आणि झुरळे खातात. पावसाळा पुरता सरेपर्यंत फेव्हिकॉलच वापरावा. मोरचूद घातलेली खळ टिकते खरी, पण मोरचूद विषारी आहे. खाऊच्या खोक्याला ती नको.

*द्रोण आणि टोपली.* पळसाचे वाळलेले पान तसेच वाकवले तर मोडते. पाण्याचा हबका मारून ओल्या फडक्यात काही वेळ गुंडाळले की ते मऊ पडते. दोन-तीन पाने काडीने टाचून केलेला द्रोण पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवला, की नानकटाई किंवा चिक्कीसाठी सुबक वाटी तयार होते. टोपलीसाठीचा बांबू नीट वाळलेला हवा, नाहीतर आपल्या घरी पोहोचल्यावर त्यातून पिवळे पीठ पडू लागते. ते भुंग्याचे काम.

*आतले भरण.* थर्माकोलच्या गोळ्यांऐवजी भाताचा पेंढा वापरता येतो, पण तो कडक उन्हात वाळवलेला असावा आणि फक्त काचेच्या वा मातीच्या वस्तूंभोवती घालावा. खाण्याच्या पदार्थाखाली बटर पेपर. वर्तमानपत्राचा कागद खाऊला लागता कामा नये. छपाईच्या शाईत शिशासारखी घातक द्रव्ये असू शकतात, म्हणून अन्नपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टन नियमांनी मनाई केली आहे.

डब्यावरचे चित्र कोणाचे?

विटकरी रंगावर पांढऱ्या रेघा पाहिल्या की आपण लगेच ‘वारली’ म्हणतो. इथे थोडे थांबायला हवे. वारली चित्रकला ही वारली समाजाची आहे. लग्नाच्या वेळी घरातल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो, त्यात पालघाट देवी असते, आणि तो लिहिण्याचा मान सुवासिनींचा. १९७० च्या दशकात ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली. डहाणू भागातले जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते गेले. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळाले.

म्हणून आम्ही तीन गोष्टी पाळतो. वारली बाईने काढलेल्या डब्यावरच ‘वारली चित्र’ अशी चिठ्ठी लावतो. लग्नाचा चौक आणि देवीचे चित्र बिस्किटाच्या डब्यावर काढायला सांगत नाही. ती त्यांच्या श्रद्धेची जागा आहे. आणि कातकरी, ठाकूर बायांना वारलीची नक्कल करायला न लावता, त्यांच्या डोळ्यांसमोरचे काढा असे सांगतो. मग डब्यावर मासे पकडायचे जाळे येते, मोहाचे झाड येते, डोक्यावर मोळी घेतलेली बाई येते, एकदा तर कोंबडीमागे धावणारे कुत्रे आले. असे डबे आधी संपतात.

मागवणाऱ्यांनाही एक विनंती. प्रत्येक डबा हुबेहूब सारखा असावा, असा आग्रह धरू नये. मापे, झाकण, स्वच्छता यांत चोखपणा जरूर मागावा. चित्रात मात्र हाताला मोकळे सोडावे.

एका डब्याचा हिशेब

आता किमतीचे बोलू. ‘टाकाऊ डबा, त्यावर थोडा रंग, मग चाळीस रुपये कशाचे?’ असा प्रश्न विक्रीच्या टेबलावर दर वेळी येतो. प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशेब मांडतो.

रोजगार हमीवर महाराष्ट्रात २०२४-२५ साली दिवसाला २९७ रुपये दर होता. त्याहून कमी मजुरीचे काम पाड्यावर नेणे म्हणजे गरिबाच्या अडचणीचा फायदा घेणे, असे आम्ही मानतो. आठ तासांचे २९७, म्हणजे तासाला साधारण ३७ रुपये. घासणे, पुसणे, रंग देणे, चित्र काढणे, सुतळी बांधणे या साऱ्याला, वाळण्याचा वेळ सोडून, एका डब्यामागे चाळीस मिनिटे धरू. मजुरी झाली २५ रुपये. रंग, कागद, गोंद, सुतळी यांचे ९ रुपये धरू. वाहतूक आणि बिघडलेले नग यांचे ६. बेरीज ४०.

या चाळिसातले पंचवीस बाईच्या हाती जातात. ‘सेवेसाठी आहे ना, मग तीस रुपयांत द्या,’ असे कोणी म्हटले, तर रंगवाला किंवा टेम्पोवाला त्याचे दहा रुपये सोडत नाही. ते बाईच्या पंचविसातूनच जातात.

आता पुढचा हिशेब. सप्टेंबर-ऑक्टोबरात घरकाम, सरपण, पाणी आणि मध्येच भातकापणी असते. दुपारचे चार तास मिळाले तर दिवसाला सहा डबे होतात. चाळीस दिवसांत दोनशे चाळीस. मजुरी सहा हजार रुपये. एवढ्याने वीटभट्टी सुटत नाही, हे मोकळेपणाने सांगायला हवे. पण भाद्रपदात तेल-मीठ आणि दवाखान्यासाठी जी उचल घ्यावी लागते, ती या सहा हजारांनी कमी होऊ शकते. घेतलेली उचल कमी, तर भट्टीवर फेडायचे दिवसही कमी.

दहा बायांच्या गटाला पुरेसे काम हवे तर चोवीसशे डबे खपायला हवेत. आकडा मोठा वाटतो. पण शंभर कुटुंबांच्या सहा मंडळ्यांनी घरटी चार डबे घेतले, की तो पुरा होतो.

मागणी कधी आणि कशी द्यावी

आधी मागणी पक्की आणि मग काम, हे शहापुरात दुसऱ्या एका कामातही दिसले. तिथल्या कातकरी तरुणांनी एकत्र येऊन जंगलातली गुळवेल औषध कंपन्यांना पुरवायला सुरुवात केली, पुढे केंद्राच्या वनधन योजनेची मदतही मिळाली. घेणारा कोण आणि किती घेणार, हे ठाऊक असल्यावर माणसे उमेदीने गोळा होतात. आधी हजार डबे रंगवून मग गिऱ्हाईक शोधायला निघालो, तर उरलेल्या डब्यांबरोबर बायांचा विश्वासही उरत नाही.

म्हणून आपल्या मंडळीला आमचे सांगणे असे:

- नाताळची मागणी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्यावी. डबे दिवाळीपूर्वी पुरे व्हायला हवेत. नोव्हेंबरअखेरची मागणी रिकाम्या वाडीवर पोहोचते, हे आपण वर पाहिलेच.
- निम्मी रक्कम मागणीबरोबर द्यावी. म्हणजे प्रत्येक बाईच्या मजुरीतले सुमारे तीन हजार तिच्या अडचणीच्या महिन्यात पोहोचतील. नाताळनंतर मिळालेल्या पूर्ण रकमेपेक्षा त्या वेळच्या तीन हजारांचा उपयोग जास्त.
- आगाऊ रक्कम ही दुसरी उचल होऊ नये. बाई आजारी पडली, मूल आजारी पडले, डबे कमी झाले, तर तिच्या डोक्यावर कर्ज लिहिले जाणार नाही. तो तोटा गटाच्या आणि आपल्या वाट्याचा.
- डबे ठेवायला जागा द्यावी. पाड्यावरच्या घरात ओल असते, उंदीर असतात. दिवाळी ते नाताळ आपल्या मंडळीच्या सभागृहातले एक कोरडे कपाट रिकामे केले, तरी मोठे काम होते.
- नग मोजून घेताच उरलेले पैसे द्यावे, आणि तेही काम करणाऱ्या बाईच्याच हाती किंवा तिच्या खात्यात.

महिला संघाने वा शब्बाथ शाळेने एखादी दुपार डबे धुण्यासाठी आणि निवडण्यासाठी ठेवली, तर मुलांनाही या कामात भाग घेता येईल. बरण्यांची लेबले काढण्यात मुले फार रमतात.

येत्या नाताळात आपल्या दारी असा डबा आला, तर त्यातला खाऊ खाऊन डबा जपून ठेवा. तळाशी चिठ्ठी असेल, त्यावर गावाचे नाव आणि तो कोणत्या महिन्यात केला ते लिहिलेले असेल. महिना सप्टेंबर किंवा ऑक्टोबर असला, तर मागणी वेळेवर दिली गेली होती असे समजा. आणि पुढच्या वर्षीची मागणी नोंदवण्यासाठी भाद्रपदाची आठवण ठेवा.